पहिली शेजारीण

द्रिकाचं बिऱ्हाड ग्रुनलोहून मार्सलोला आलं ते एकोणीसशे सत्तावन्न सालच्या मे महिन्यात, एका घोडागाडीच्या एकाच खेपेत. अंतर म्हणाल तर अकरा किलोमीटर. पण निरोप देताना तिच्या आईनं असं रडून घेतलं, जणू पोरगी बोटीत बसून ऑस्ट्रेलियाला चाललीय. ऑस्ट्रेलियात निदान कॅथलिक चर्च तरी होतं. मार्सलोत आठ घरं, आठही प्रोटेस्टंट. त्यातलं एक रिकामं पडलं आणि दोन वर्षं कुणी घेईना, म्हणून तर ते द्रिकाच्या नवऱ्याला, टोनला, खंडानं मिळालं. बापाची शेती थोरल्या भावाकडे गेली होती. धाकट्यानं जावं कुठं? जिथं छप्पर मिळेल तिथं.

"सगळं खरं," आई पदराला नाक पुसावं तसं ॲप्रनला नाक पुसत म्हणाली, "पण उद्या तिथं तुला काही झालं, मेलीबिलीस, तर तुला धुणार कोण गं?"

"आई, मी अठ्ठावीस वर्षांची आहे."

"अठ्ठावीसच्या मरत नाहीत होय?"

द्रिका हसली खरी, पण तो प्रश्न गाडीत तिच्या शेजारी बसून मार्सलोपर्यंत आला.

कारण त्या डच मुलखात मेलेल्या माणसाला घरचे हात लावत नसत. ते काम शेजाऱ्याचं. ज्याचं दार सगळ्यात जवळ तो पहिला शेजारी. तिथं आवडनिवड नव्हती. भांडण असो, बोलणं बंद असो, घरात माणूस गेलं की आधी पहिल्या शेजाऱ्याला हाक. त्यानं येऊन घड्याळ थांबवायचं, त्याच्या बायकोनं मढं धुऊन नेसवायचं, आणि त्याच्याच घोड्यानं शवपेटी दफनभूमीपर्यंत न्यायची. घरच्यांनी फक्त रडायचं. बाळंतपणाला सुईण आणायची तीही त्यानंच. माणसाचं येणं आणि जाणं दोन्ही शेजाऱ्याच्या हातात, मधलं काय ते ज्याचं त्याचं.

हे कॅथलिकांत होतं तसंच प्रोटेस्टंटांतही होतं. बाकी मात्र सगळं वेगळं. पाव वेगळ्या भट्टीतला, शाळा वेगळी, बँडपथक वेगळं, बकऱ्या पाळणाऱ्यांची संघटनासुद्धा वेगळी. बकऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मार्सलोत घरांना नावं होती आणि माणसांना घराचं नाव लागायचं. द्रिकाच्या घराचं नाव कोपेल. समोर कुंपणापलीकडे सेले. तिथं याना नावाची पंचाहत्तरीची विधवा आणि तिचा बिनलग्नाचा मुलगा एव्हर्ट. पण द्रिकाला कोपेलची कुणी म्हणालं नाही. ती झाली 'रोमन बाई', कारण प्रोटेस्टंटांच्या तोंडी कॅथलिक म्हणजे रोमन. समोरून आली की नमस्कार, पाठ फिरली की रोमन.

पहिल्याच शनिवारी द्रिकानं तीन मोठे मनुकांचे पाव भाजले. टोननं ज्यूनिपरच्या दारूची बाटली आणली. नवं घर आलं की शेजार जोडायचा असतो. सगळ्यांनी यायचं, एकेक घोट घ्यायचा, पावावर लोण्याचा जाड थर लावून खायचा, आणि त्या दिवसापासून तुम्ही एकमेकांच्या जन्ममरणाला बांधले गेलात. द्रिका स्वच्छ ॲप्रन घालून खिडकीशी बसली. कुणी आलं नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा तीन पाव. कुणी नाही. तिसऱ्या शनिवारी तिनं भट्टी पेटवली नाही.

"कामं असतील," टोन म्हणाला. टोनला जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण कामं हेच सुचायचं.

"सात घरांना एकदम? रोमन माणसाचा पाव घशात अडकेल म्हणून आले नाहीत, असं म्हण."

तिनं सहाही पाव डुकरांना घातले आणि खिडकीचा पडदा ओढला.

ऑगस्टची पंधरा तारीख म्हणजे मारियामातेचा मोठा सण. द्रिका ठेवणीतला झगा घालून, सायकलवर अकरा किलोमीटर ग्रुनलोला जाऊन प्रार्थना करून आली. येऊन बघते तर एव्हर्ट त्याच्या शेताच्या, तिच्या खिडकीलगतच्या पट्ट्यात शेणखत पसरतोय. राय धान्य कापून झालं होतं, सलगम पेरायचे होते, खत घालायचंच होतं. पण आजच? आणि तिथूनच सुरुवात? जेवणाच्या टेबलावर माश्यांचा सण झाला.

"सलगमाची वेळ आहे," टोन म्हणाला.

"सलगमाची नाही, माझी वेळ आहे. ती येईल."

ती आली पुढच्या वर्षी, गुड फ्रायडेला. प्रोटेस्टंटांचा वर्षातला सगळ्यात गंभीर दिवस. त्या दिवशी मार्सलोत कोंबडासुद्धा हळू आरवायचा. सगळी आठ घरं, म्हणजे सातच, काळ्या कपड्यांत चर्चला जाऊन आली होती आणि दारं लोटून बसली होती. द्रिकानं घरातला गालिचा उचलला, कुंपणाजवळच्या दांडीवर टाकला, वेताची झोडणी घेतली आणि सुरू झाली. धप्प. धप्प. आवाज पार ओढ्यापर्यंत जात होता. गालिचा केव्हाच स्वच्छ झाला होता. ती थांबली नाही.

कुंपणापलीकडे काळी टोपी दिसली. याना. हातात काठी.

"गालिच्यानं काय गुन्हा केलाय तुमचा?"

"धूळ आहे."

"आजच?"

"धुळीला वार कळत नाही."

"मला वाटायचं, रोमन लोकांचाही येशू आजच्याच दिवशी मेला."

हे मात्र द्रिकाला वर्मी लागलं. तिनं झोडणी खाली टाकली. "मेला! आणि माझ्या मारियेच्या सणाला तुमच्या एव्हर्टनं माझ्या खिडकीखाली शेण पसरलं, तेव्हा तो येशू काय तुमच्याकडे कॉफीला बसला होता?"

यानानं काठी कुंपणाला टेकवली. मग म्हणाली, "एव्हर्ट गाढव आहे. बापावर गेलाय. ते मी कबूल करते. पण तुम्ही काय केलंत? वर्ष होत आलं, एकदा माझं दार वाजवलं नाहीत. पहिली शेजारीण आहे मी तुमची! दोन आठवडे रोज संध्याकाळी मी नवा ॲप्रन घालून बसत होते. म्हटलं, आज येईल बोलवायला, उद्या येईल. या वयात काय माझी थट्टा?"

"मी? अहो, मी बसले होते! पाव भाजून, बाटली उघडून! तुमची वाट बघत!"

"आमची कशाला?"

"कशाला म्हणजे? जुने शेजारी नव्याकडे येतात."

"कोण म्हणतं?"

"ग्रुनलोत सगळे म्हणतात."

"इथं नव्यानं जायचं, दार वाजवायचं, बोलावणं करायचं. राहायला कोण आलंय, मी की तुम्ही?"

अकरा किलोमीटरवर रीत उलटी होती आणि अकरा महिन्यांत एकाही शहाण्यानं तोंड उघडून विचारलं नव्हतं. मार्सलोनं ठरवलं, रोमन बाईला घमेंड आहे. रोमन बाईनं ठरवलं, मार्सलोला विटाळ होतो. आपापल्या खिडकीत बसून दोन्ही बाजूंनी आपलंच खरं केलं होतं.

"पावांचं काय झालं?" यानानं विचारलं.

"डुकरांना घातले."

"मनुकांसकट?"

"मनुकांसकट."

यानाच्या तोंडाची सुरकुती हलली. "म्हणजे तुमचा शेजार डुकरांशी जोडला गेला." आणि ती गुड फ्रायडेच्या दिवशी, सगळ्या मार्सलोला ऐकू जाईल अशी हसली. मग तोंडावर हात ठेवून, डोळे पुसत म्हणाली, "तो गालिचा आत घे आता. आणि ये. कॉफी गरम आहे. ये ना, तू."

तू. वर्षभरात पहिल्यांदा.

यानाच्या स्वयंपाकघरात भिंतीवर ना क्रूस होता, ना कुठला संत. एक घड्याळ आणि चौकटीतलं एक वचन. द्रिकाला ते घर धुतलेल्या ताटासारखं रिकामं वाटलं. कॉफी झाल्यावर यानानं ओकचं मोठं कपाट उघडलं. चादरींच्या घड्या, उशांचे अभ्रे, आणि सगळ्यात खाली निळ्या कागदात गुंडाळलेला पांढरा लांब झगा, छातीवर लाल दोऱ्यानं दोन अक्षरं.

"लग्नाच्या आदल्या हिवाळ्यात शिवला. मरणाचा झगा. दर वसंतात धुऊन इस्त्री करते. लग्नाचा झगा पहिल्याच बाळंतपणानंतर बसेना झाला, पण हा बघ, अजून बसेल." तिनं तो अंगाला लावून दाखवला. "मी गेले की तू घालायचास मला."

"मी? मावशी, मी कॅथलिक आहे."

"ते मला दिसतंय, आंधळी नाही मी. कोपेलमध्ये राहतेस ना? कोपेलची बाई सेलेच्या बाईला धुते. माझ्या सासूच्या सासूपासून हेच आहे. तुझ्या आधी कोपेलमध्ये होती ती बया मला फुटक्या डोळ्यानं बघवत नव्हती, तरी तिच्या पाचही बाळंतपणांना सुईण मीच आणली. हा मान माझा नाही, तुझा नाही, दाराचा आहे." मग तिनं द्रिकाचं मनगट धरलं. "एकच सांगते. मेणबत्ती नको. जपमाळ नको. पाण्याचे शिंतोडे नकोत. जशी जगले तशी जाऊ दे मला. शब्द?"

"शब्द," द्रिका म्हणाली.

आणि आईचा तो गाडीत बसून आलेला प्रश्न वर्षभरानं पहिल्यांदा जरा सैल झाला.

पुढच्या शनिवारी द्रिका आणि टोन सातही दारं फिरले. रीतसर. संध्याकाळी पाच घरं आली. एव्हर्ट आईच्या हुकमानं आला, उभ्याउभ्यानं एक घोट घेऊन तसाच गेला. ओढ्याकाठच्या घरची हर्मिना आली, गोल तोंडाची, चाळिशीला टेकलेली. तिनं पावाचे चार जाड काप खाल्ले आणि पाचवा उचलताना म्हणाली, "डुकरांची मजा आहे म्हणायची तुमच्याकडे." गोष्ट मार्सलोभर झाली होती.

त्यानंतरची दोन वर्षं द्रिकाच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली, असं ती म्हातारपणी सांगायची. रोज दुपारी कुंपणातली फट ओलांडून ती सेलेत. घेवड्याच्या शेंगा सोलता सोलता भांडणं: मारिया मोठी की नाही, पोप कशाला हवा, देवाला लॅटिन कळतं तसं आपलं गावरान कळतं का. "कळत असणार," याना म्हणायची, "नाहीतर एव्हर्टच्या शिव्या वर कुणाला समजल्या असत्या?" दोघींपैकी कुणीही एक तसूभर हलली नाही. पण शेंगांची पाटी रोज भरायची.

एकोणसाठच्या नोव्हेंबरात याना स्वतःच काठी टेकत कोपेलला आली. काखेत निळ्या कागदाचं गाठोडं.

"हे तुझ्याकडे ठेव."

"का?"

"एव्हर्टला चर्चच्या मंडळात घेतलंय. तेव्हापासून त्याला आईपेक्षा नियम जास्त कळायला लागलाय. माझा लेक आहे, प्रेमळ आहे, पण अक्कल वाटताना तो गोठ्यात असावा. ठेव."

द्रिकानं ते आपल्या पेटीत, टोनच्या रविवारच्या कोटाखाली ठेवलं.

जानेवारीतल्या एका सकाळी धारा काढून बाहेर आली तर सेलेच्या खिडक्यांची झडपं लावलेली. दिवसाउजेडी. द्रिकाच्या हातातली बादली तशीच राहिली. दिवसाउजेडी झडपं लागतात ती एकाच कारणानं, घरात माणूस गेलं की. आणि तिला हाक आली नव्हती. ती बघत असतानाच ओढ्याकडून हर्मिना पांढरा ॲप्रन घालून सेलेत शिरली.

टोनला कळलं की हिचं डोकं फिरलं. "जाऊ दे, द्रिका. त्यांचं माणूस. त्यांचं त्यांना करू दे."

"त्यांचं? माझंही आहे ते!" ती पेटीत वाकली. "आज मी गेले नाही, तर उद्या मी मेल्यावर माझ्या दारात कोण येईल? तो दाराचा मान आज मोडला की कायमचा मोडला."

सेलेच्या दारात एव्हर्ट उभा होता. डोळे सुजलेले, काळा कोट.

"बाई, वाईट वाटून घेऊ नका. आईला आमच्या पद्धतीनं जाऊ द्या. हर्मिना आलीय."

"हर्मिना दुसरी शेजारीण. पहिली मी."

"हो, पण तुम्ही..."

"बोल. तीन अक्षरांचा शब्द आहे, जीभ झडणार नाही."

आतून टिकटिक ऐकू येत होती. द्रिकानं मान वर केली. "घड्याळ चालू आहे."

एव्हर्टनं मागं वळून पाहिलं. आई पहाटे चारला गेली होती आणि घड्याळ साडेनऊ दाखवत होतं. ते थांबवायचं पहिल्या शेजाऱ्यानं. पहिल्या शेजाऱ्याला बोलावलंच नाही, म्हणून कुणाच्या ध्यानातही आलं नाही. द्रिका त्याच्या बाजूनं आत गेली आणि तिनं लंबक हातानं धरला. घर एकदम शांत झालं.

कपाटाची सगळी दारं उघडी होती, चादरी जमिनीवर. हर्मिना गुडघ्यांवर बसून शोधत होती. "झगा सापडत नाही गं," ती द्रिकाला म्हणाली, अगदी सहज, जणू द्रिका येणारच होती. "कुठं ठेवला म्हातारीनं कुणास ठाऊक."

द्रिकानं निळं गाठोडं टेबलावर ठेवलं आणि सोडलं. लाल दोऱ्याची दोन अक्षरं. एव्हर्ट खुर्चीत बसला.

"कधी दिला तिनं?"

"नोव्हेंबरात."

"काय म्हणाली?"

आयुष्यात द्रिकानं जिभेवर आलेलं फार कमी वेळा गिळलं. त्या दिवशी गिळलं. "काही नाही," ती म्हणाली. "म्हणाली, माझा लेक प्रेमळ आहे. ठेव."

एव्हर्टनं चेहरा हातांत लपवला. मग तसाच म्हणाला, "पाणी चुलीवर ठेवलंय."

दोघींनी यानाला धुतलं. कोमट पाण्यानं, कुणाला झोपेतून उठवायचं नाही अशा हातांनी. द्रिकानं तिचे केस विंचरून दोन बारीक वेण्या घातल्या. झगा खरंच बसला. पांढरी टोपी घातली, हात सरळ अंगालगत ठेवले. मेणबत्ती नाही, जपमाळ नाही. शब्दाप्रमाणे.

आणि सगळं झाल्यावर, निरोपाला वाकताना, द्रिकाचा अंगठा उठला आणि त्यानं यानाच्या कपाळावर क्रूसाची खूण केली. उभी रेघ, आडवी रेघ. आजी, आत्या, धाकटा भाऊ, प्रत्येकाला निरोप देताना त्या अंगठ्यानं हेच केलं होतं. द्रिकाला स्वतःला कळायच्या आत झालं. अंगठा ओला होता. म्हातारीच्या मेणासारख्या कपाळावर खूण स्वच्छ चमकत होती.

हर्मिनानं पाहिलं. द्रिकाचा चेहरा पांढरा पडला. बाहेर एव्हर्टची पावलं वाजली.

हर्मिना पुढं झाली आणि तिनं टोपी चांगली भुवयांपर्यंत खाली ओढली.

एव्हर्ट आत आला. आईच्या उशाशी गेला. "सुंदर दिसतेय," तो म्हणाला. मग, "टोपी जरा खाली नाही आली?"

"थंडी आहे, एव्हर्ट," हर्मिना म्हणाली.

दफनभूमीपर्यंत टोनचा घोडा होता. परत आल्यावर द्रिका हर्मिनाला गोठ्यामागं गाठून म्हणाली, "मी शब्द मोडला."

"अंगठ्यानं मोडला. तू कुठं मोडलास?" हर्मिनानं तिला ढोसलं. "आणि म्हातारी आता जिथं आहे तिथं खरं कुणाचं ते तिला कळलं असेलच. आपल्याला सांगायला थोडीच येणारेय."

एव्हर्टनं पुन्हा कधी पंधरा ऑगस्टला खत पसरलं नाही. सोळाला पसरायचा. तेवढाही माणसानं ताठा ठेवू नये तर काय. नव्वद सालापर्यंत द्रिकानं मार्सलोतली सहा माणसं धुतली, सहाही प्रोटेस्टंट, अंगठा मुठीत दाबून. त्यातला एक एव्हर्ट. तोवर तिला रोमन बाई म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. ती कोपेलची द्रिका होती, आणि कुणाच्या बापाची हिंमत नव्हती तिला दुसरं काही म्हणायची.

एव्हर्टनंतर सेले विकलं गेलं. आम्स्टरडॅमच्या एका दंतवैद्यानं घेतलं, शनिवार-रविवारपुरतं. माणसं वाईट नव्हती. त्यांनी कुंपण उपटून माणूसभर उंच लाकडी भिंत घातली, वाऱ्यासाठी म्हणे. पाव घेऊन शेजार जोडायला गेलेल्या द्रिकाला त्यांनी दारातच, हसून, आभार मानून परत पाठवलं. त्यांना वाटलं बाई पाव विकते. आणि तालुक्याला सभागृहात 'दोन पंथांचा सलोखा' म्हणून सभा भरली तेव्हा द्रिका पहिल्या पाच मिनिटांत उठून आली. "बिस्किटं खाऊन सलोखा करतायत," ती टोनला म्हणाली. "यांतल्या एकानं दुसऱ्याचे पाय धुतलेत का कधी? जिवंत नाही, मेल्यावर तरी?"

चौऱ्याण्णव सालच्या मार्चमध्ये द्रिका गेली. टोननं घड्याळ थांबवायला सेलेकडे पाहिलं. झडपं बंद होती, पण ती नेहमीच बंद असायची. दंतवैद्याकडून फुलं आली, मोठी आणि महाग. दफनसंस्थेची पांढरी गाडी आली. हातमोजे घातलेली दोन नम्र माणसं, सगळ्या कामांचं छापील पत्रक घेऊन.

तेवढ्यात ओढ्याच्या बाजूनं हर्मिना आली. पंचाहत्तर वर्षांची, चाकाच्या आधारगाडीला बादली लटकवलेली. तिनं आत येऊन आधी घड्याळाचा लंबक धरला. मग त्या दोघांना म्हणाली, "तुम्ही बाहेर कॉफी घ्या. पावही आहे, मनुकांचा."

"पण बाई, आमचं काम..."

"तुमचं काम शवपेटीचं. हे माझं."

तिनं दार लावलं. तासाभरानं उघडलं आणि टोनला आत बोलावलं. द्रिका ठेवणीतल्या झग्यात होती. बोटांत जपमाळ, उशाशी मेणबत्ती. हर्मिनानं ती दोन्ही द्रिकाच्या कपड्यांच्या पेटीतून स्वतः शोधून काढली होती. अंगठा ओला करून हर्मिना वाकून उभी होती, आणि अडली होती.

"टोन," ती म्हणाली, "उभी रेघ आधी की आडवी?"

जन्मभर रोज केलेली खूण, टोनला आठवेना. त्यानं अंगठा स्वतःच्या कपाळावर नेऊन करून पाहिली.

"उभी," तो म्हणाला.

हर्मिनानं उभी ओढली, मग आडवी. मग तिचा हात जुन्या वळणानं टोपी खाली ओढायला गेला. द्रिकानं आयुष्यात कधी टोपी घातली नव्हती. हात तिथंच थांबला, आणि हर्मिनानं तो मागं घेतला.